रोट आणि दुर्बीण

आमच्या सासरी जेठाशी बोलायचं नाही, असा नियम होता. जेठ म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्यांच्यासमोर पदर पुढे ओढायचा, नजर खाली ठेवायची, आणि काही सांगायचंच झालं तर तिसऱ्याला सांगायचं. तिसरा कोणी नसेल तर भिंतीला, खांबाला, नाहीतर गोठ्यातल्या म्हशीला. तेही तसंच करायचे. ओट्यावरून खाकरत खाकरत आत यायचे, म्हणजे सुनांना पदर घ्यायला सवड मिळावी, आणि मधल्या खांबाकडे बघून म्हणायचे, "चहा व्हई का?" मी चुलीकडे तोंड करून म्हणायची, "साखर आणायची राहिलीय म्हणावं." खांब बिचारा दोन्हीकडचं ऐकून घ्यायचा.

माझं माहेर बोदवडचं, स्टेशनला लागून. गाडी आली की बोलायचं ते ओरडून बोलायचं, एवढाच तिथला रिवाज. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा मला या प्रकाराचं हसू यायचं, मग राग यायला लागला, मग सवय झाली. आबा माणूस वाईट नव्हते. घरात सगळे त्यांना आबा म्हणायचे. मी तेही खांबालाच म्हणायची. वडील लवकर गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, शेतात स्वतः राबून अमळनेरच्या कॉलेजात घातलं. त्यामुळे आमच्या यांच्यासाठी आबांचा शब्द शेवटचा. नोकरीसाठी आम्ही जळगावला राहायचो. तिथे कचेरीत हे साहेबालासुद्धा दोन गोष्टी सुनावून यायचे, पण आबांना 'नाही' म्हणायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटायचा नाही.

सन नव्वदच्या आसपास यांचं जेवण कमी व्हायला लागलं. वांग्याचं भरीत पाहिलं की ताट पुढे करणारा माणूस अर्धी भाकरी खाऊन हात धुवायला लागला. पोटात जळजळ, घशाशी येणं, पट्ट्याला नवीन भोक. मी आधी रागावले, कारण मला वाटलं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची ही नवी तऱ्हा आहे. मग एक दिवस अंगातला शर्ट दुसऱ्याचा असल्यासारखा दिसला आणि मी यांना तशीच दवाखान्यात घेऊन गेले. जळगावच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, बराच वेळ दाबून पाहिलं, आणि म्हणाले, "अल्सर असेल. नसेल तर दुसरंही काही असू शकतं." मी विचारलं, "दुसरं म्हणजे?" ते म्हणाले, "आधी दुर्बिणीतून बघू." धुळ्याला एका तरुण डॉक्टरांनी नुकतीच तोंडातून पोटात घालायची दुर्बीण आणली होती. तिथली तारीख मिळाली.

तेव्हापासून आमच्या घरात त्या आजाराचं नाव 'दुसरं' असं पडलं. खरं नाव उच्चारलं तर ते येऊन बसेल, अशी सगळ्यांची समजूत. शेजारीण हळूच विचारायची, "दुसरं तर नाही ना?" आणि हे स्वतः आरशासमोर दाढी करताना म्हणायचे, "दुसरं असलं तर बघू." जणू पहिलं मिळालं नाही म्हणून दुकानदार दुसरं दाखवणार होता. मी वरून हसायची. आत मात्र एकच गोष्ट चालू असायची: हा माणूस गेला तर मी काय करू?

धुळ्याची तारीख नेमकी कानबाईच्या लगतची निघाली. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला मोठा सण. रविवारी देवी बसते, सोमवारी तिला नदीवर पोचवतात. घरात जेवढे पुरुष, त्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, ते दळायचे, त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या, बरोबर खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. या सगळ्याला मिळून रोट म्हणायचं. रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला द्यायचा नाही, लग्न करून दिलेल्या लेकीलासुद्धा नाही. आणि उरवायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा. आबा घरातले थोरले, त्यामुळे या सगळ्या नियमांची राखण त्यांच्याकडे.

गाव अमळनेरजवळ, तिथून धुळं जवळच. म्हणून आम्ही ठरवलं, रविवार-सोमवार गावी कानबाई करायची आणि मंगळवारी सकाळी तसंच एस.टी.नं धुळ्याला जायचं. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, आदल्या संध्याकाळच्या जेवणानंतर पोटात काही जाता कामा नये, पाण्याचा घोटसुद्धा नाही. ही गोष्ट आबांच्या कानावर जायलाच हवी होती. सोमवारी मी गोठ्यात जाऊन म्हशीला खडसावून सांगितलं, "उद्या सकाळी कोणालाही काही खायला द्यायचं नाही, समजलं का? डॉक्टरांनी सांगितलंय!" म्हैस रवंथ करत राहिली. आबा तिकडे बैलांचे दोर सोडत होते, त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पोचलं.

यांनी त्या दिवशी रोट नावापुरता खाल्ला. पोळीचा तुकडा मोडला, भाजीची फोड चिवडली, आणि ताट सरकवलं. आबांनी ते ताट पाहिलं. बोलले काही नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. मंगळवारी आम्ही निघालो तेव्हा तेही धोतर-टोपी करून तयार. हातात फडक्यात बांधलेला डबा. मी जेठाणींना, म्हणजे थोरल्या जाऊबाईंना विचारलं, डब्यात काय, तर त्या म्हणाल्या, "त्यास्नी दुपारनी शिदोरी शे."

धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर मी नळावर तोंड धुवायला गेले. परत आले तर दोघे भाऊ बाकावर शेजारी शेजारी बसलेले, एक पूर्वेकडे बघतोय, एक पश्चिमेकडे. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या घरात माणसं अशीच बसतात.

दवाखान्यात यांच्या घशात कडू औषधाचा फवारा मारला, इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय?" यांनी एकदा दाराकडे बघितलं, दारात आबा उभे होते, आणि मान हलवली. नाही. मग यांना आत नेलं. मी बाहेर बाकावर बसून कुलदेवतेला एकेक नवस बोलत होते. 

डॉक्टर अपेक्षेपेक्षा लवकर बाहेर आले. चेहरा गंभीर. मला आणि आबांना केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "पोट अन्नानं भरलेलं आहे. माणूस काल संध्याकाळपासून उपाशी आणि अन्न अजून पोटातच, याचा अर्थ खालची वाट बंद झालीय. मला पुढे काही दिसलंच नाही. या वयात वाट बंद होते ती बहुतेक गाठीनं होते. मी तुम्हाला अंधारात ठेवत नाही. कॅन्सरचीच शक्यता जास्त, आणि वाट बंद होण्याइतका वाढलेला. मुंबईला घेऊन जा. ते पोट उघडून बघतील, काढता आलं तर काढतील."

'काढता आलं तर' हे शब्द माझ्या डोक्यात घुमायला लागले. बाहेर येऊन बाकावर बसले. हे आत इंजेक्शनच्या गुंगीत झोपलेले. बाकावर एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आबा, आणि मध्ये रावेरकडचे एक केळीवाले म्हातारबाबा, त्यांच्या बायकोला आत नेलं होतं. समोर माणसांचं वजन करायचा लोखंडी काटा उभा होता.

आबा खाकरले. मी सवयीनं पदर पुढे घेतला. आबा त्या वजनकाट्याकडे बघून म्हणाले, "एखादा मानूसनी सकायले घासभर खाई लिधं, ते त्या नयीमा दिखस का?"

सकाळी खाल्लेलं दुर्बिणीच्या नळीत दिसतं का, हे ते का विचारतायत ते मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि डोळ्यांपुढून धुळं शहर फिरलं. पण तोंडाला तोंड द्यायचं नाही हे इतकं हाडीमासी खिळलेलं, की मीसुद्धा काट्याकडेच वळले. "काट्यानं विचारावं," मी म्हटलं, "कोणी खाल्लं? किती खाल्लं?"

काटा गप्प. दोघांच्या मध्ये बसलेले म्हातारबाबा एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. मला वाटलं, देवानं तिसरा माणूस धाडलाय. मी त्यांना म्हटलं, "बाबा, जरा त्यांना विचारता का, यांच्या पोटात काय गेलंय?"

बाबा आबांकडे वळले. "त्या ईचारतात, पोटात काय गेलं?" आबा त्यांना म्हणाले, "घासभर रोट." बाबा माझ्याकडे वळले. "ते म्हन्तात, घासभर रोट." मी म्हटलं, "घासभरानं पोट भरतं का, विचारा." बाबा वळले. "त्या म्हन्तात, घासभरानं..." आबांनी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला सुरुवात केली. "दोन पोया व्हत्यात," ते म्हणाले, "नि भाजी." बाबा वळले. "दोन पोया होत्या, भाजी बी होती." मी म्हटलं, "आणि खीर?" बाबांनी न वळताच विचारलं, "खीर?" आबांनी मान खाली घातली. बाबांनीच मला सांगितलं, "खीर बी आहे वाटते."

मग बाबांचा धीर सुटला. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तुमी दोघं बी माह्या मांडीला मांडी लावून बसेल आहे, मंग मले काहाले मधी घालता? माही बायको आत आहे!" आणि ते जाऊन खिडकीशी उभे राहिले.

आता आमच्या मध्ये बाकाची रिकामी जागा होती, आणि आत माझा नवरा, ज्याला न झालेल्या गाठीसाठी मुंबईला पाठवायचं ठरत होतं. नाहीतर झालेल्या. खरं काय ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते कळायची वाट दोन पोळ्यांनी अडवली होती. मला असा संताप आला की डोक्यावरचा पदर कधी घसरला ते कळलं नाही. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आबा, डॉक्टरांनी बजावलं होतं ना? मग कशाला खाऊ घातलंत यांना?"

आबा चटका बसल्यासारखे उठले. आधी भिंतीकडे वळले, मग दाराकडे, मग त्यांना वळायला जागाच उरली नाही. शेवटी माझ्या पायांकडे बघून बोलले, आणि बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीच खावाडं त्याले. त्याना नावनी मूठ शे ती. दुखनाईत मानूसनी मूठ मांगे राही गई, ते बरं दिखस का? माले भ्याव वाटना. मना भाऊ शे तो."

आणि हे? यांना 'नाही' का म्हणता आलं नाही? तर मोठ्या भावानं स्टँडवर, सगळ्या जगासमोर, घास तोंडाशी धरला. भूक नाही, पोट दुखतंय, डॉक्टरची ताकीद आहे, आणि तरी हे गपचूप खात राहिले. आदल्या दिवशी अख्खं ताट सरकवणारा माणूस! मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही एकदम आलं.

मी आबांना तशीच डॉक्टरांसमोर घेऊन गेले. डॉक्टर आमच्याकडचे नव्हते, त्यांना रोट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. आबांनी त्यांना गव्हाच्या मुठीपासून सुरुवात करून सगळं समजावलं. डॉक्टर ऐकता ऐकता लाल होत गेले. "म्हणजे मला जे केशरी तुकडे दिसले ते..." "गंगाफय," आबा म्हणाले. "सालसकट?" "सालसकटच करतस," आबांनी अभिमानानं सांगितलं. डॉक्टरांनी डबा बघायला मागितला, म्हणजे नक्की काय खाल्लं, किती जड, याचा अंदाज यावा. आबांनी डबा पोटाशी धरला. "बाहेरना मानूसले रोट दाखाडतस नही."

"अहो, मी खाणार नाहीये!" डॉक्टर ओरडले. 

आबा हलले नाहीत. शेवटी डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि सांगितलं की उद्या सकाळी पुन्हा या, उपाशीपोटी, आणि या गृहस्थांना पेशंटच्या जवळ फिरकू देऊ नका.

त्या दिवशी आम्ही धर्मशाळेत राहिलो. हे गुंगीतून उठल्यावर मी यांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हे घसा बधिर असल्याचं निमित्त करून गप्प बसले. मग प्रश्न आला डब्याचा. अजून एक पोळी उरली होती, आणि आबा डबा आणि भाऊ यांच्याकडे आळीपाळीनं बघत होते. मी तो डबा ओढून घेतला. सून भाऊबंदांतच मोडते, तिला रोट चालतो. अंगणात पिंपळाच्या पारावर बसून मी यांच्या नावची ती पोळी खाल्ली, अर्धी आबांना दिली. ते तोंड फिरवून बसले होते, मी डबा मागे सरकवला, त्यांनी न बघता घेतला. पोळी कोरडी झाली होती. मी प्रत्येक घासाला मनात म्हणत होते, हा माणूस मला ठेव.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण खालपर्यंत गेली. वाट उघडी होती. पण वाटेवर एक जखम होती, आणि तिच्या कडा डॉक्टरांना आवडल्या नाहीत. त्यांनी चिमटीएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. गणपतीच्या दिवसांत निकाल आला. ते 'दुसरं'च होतं. पण लहान होतं, लवकर सापडलं होतं. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, काढता येईल. पण थांबू नका." मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून आलो. तिथे खाट रिकामी व्हायची वाट बघायची होती. गल्लीतल्या किराणा दुकानात फोन होता, आम्ही तोच नंबर देऊन आलो होतो. त्यामुळे दुकानदारानं हाक मारली की मी हातातलं टाकून धावायची, आणि तो विचारायचा, "वहिनी, गूळ नवीन आलाय, ठेवू का?"

शेवटी खरा फोन आला. आणि तारीख पडली ती पितृपक्षात.

गावाला जाऊन सांगणं भाग होतं. ओट्यावर भाऊबंद जमले. आम्ही बायका नेहमीप्रमाणे दाराच्या आत. एकेक जण बोलायला लागला. "पित्तरपाटामा कोन्ही दवाखानामा जास का?" "पोटले सुरी लागनी की दुखनं पसरस." कोणी सातपुड्याच्या पायथ्याशी मुळी देणाऱ्याचं नाव काढलं. ज्याला त्या मुळीनं गुण आला तो कोण, हे मात्र कोणाला आठवेना. दसऱ्यानंतर बघू, यावर बहुतेकांचं एकमत होत आलं. दवाखान्यानं सांगितलं होतं, ही तारीख गेली तर पुन्हा रांगेच्या शेवटी. मी ते जेठाणींच्या कानात सांगितलं, त्यांनी दाराबाहेर सांगितलं, पण बाहेर आवाज एवढा की कोणी ऐकलं नाही. कोणीतरी यांना विचारलं, "तुनं काय म्हननं शे?" 

हे म्हणाले, "आबा म्हणतील तसं."

मला वाटलं, संपलं. मी कपाळ दाराला टेकवलं. बाहेर सगळे आबांकडे बघत असणार, कारण एकदम शांतता झाली. आबा खाकरले. मी पदर ओढला. आणि मग ते खांबाकडे नाही, भिंतीकडे नाही, सरळ दाराकडे वळून म्हणाले, "तू बाहेर ये. तू सांग. तू म्हनशी तसं व्हई."

जेठाणींनी माझा हात घट्ट धरला. भाऊबंद आढ्याकडे बघायला लागले. मी बाहेर आले. 

"आबा," मी म्हटलं, "आत्ता काढलं तर वाचतील असं डॉक्टर म्हणालेत. दसऱ्यापर्यंत काय होईल ते त्यांनाही सांगता येत नाही. पितर दर वर्षी येतात, ते एखादं वर्ष समजून घेतील. मला फार भीती वाटतेय. पण मला हे पाहिजेत."

आबांनी टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं, पुन्हा डोक्यावर ठेवली. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "कितला वाजता शे गाडी?"

मी वेळ सांगितली. त्यांनी यांच्या दंडाला धरून उठवलं, कपडे भरायला आत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी अमळनेर स्टेशनवर आमच्याआधी डब्यात चढून जागा धरून बसले. पोटाचा मोठा भाग मुंबईला राहिला. हे परत आले.